पुढे धाडण्याआधी

मंडळी, आता आपल्याला वाचता येते. हातात मोबाईल आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो. आपण तो वाचतो अन् लगेच चार जणांना धाडतो. पण लिहिलेले सारे खरे असते का?

धुळे जिल्ह्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तिथे आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण गावात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. त्या दिवसांत मोबाईलवर निरोप फिरत होते, "मुले पळवणारी टोळी आली आहे." लोकांना वाटले, हेच ते! जमावाने पाचही जणांना ठार मारले. ते बिचारे निर्दोष होते. पाच घरे उघडी पडली.

म्हणून निरोप आला की आधी थांबावे. कोणी लिहिले, कुठले, कधीचे, हे विचारावे. वर 'फॉरवर्डेड' असे असेल, तर तो धाडणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही असे समजावे. शंका आली तर पोलीस पाटलांना विचारावे. खात्री नसेल तर पुढे धाडू नये. मागून आपण पुसला, तरी ज्यांनी पुढे धाडला त्यांच्याकडे तो राहतोच.

गावात अनोळखी माणूस दिसला, तर हात उचलू नये. ११२ नंबर फिरवावा.

करून पाहा : आज आलेला एक निरोप शेजाऱ्याला वाचून दाखवा. तो खरा कशावरून, ते दोघांनी मिळून ठरवा.