क्लच आहे, फक्त तुझ्या पायाखाली नाही

अगं, ऑटोमॅटिक घेतलीस, फार बरं वाटलं. पण ‘क्लचची कटकट संपली एकदाची’ म्हणालीस ना, त्यावर थोडं बोलायचंय. तुझ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि त्याच्या पोटात क्लच आहेच, पेडल तेवढं नाही. तो कधी धरतो, कधी सोडतो हे कळलं की डिझेल वाचेल आणि गॅरेजमध्ये तुला कुणी गुंडाळणार नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलाने भरलेलं एक गोल भांडं असतं. इंजिनाबरोबर फिरणारी पाती तेल भिरकावतात आणि त्या जोराने समोरची, गिअरबॉक्सला जोडलेली पाती फिरतात. मधलं तिसरं चाक म्हणजे स्टेटर. ते परतणारं तेल योग्य दिशेला वळवतं, म्हणून गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन चाकांकडे जातो. सिग्नलला ब्रेक दाबून उभी राहिलीस तरी इंजिन बंद पडत नाही, तेही या तेलामुळेच.

पण रवीने घुसळताना ताक रवीच्या जरा मागेच राहतं ना, तशी समोरची पातीही इंजिनाच्या मागे राहतात. एका वेगात पळतानाही हा फरक पुरता मिटत नाही. वाया गेलेली ताकद तेल तापवते आणि इंधन खाते. म्हणून लॉकअप क्लच आला. वेग स्थिरावला की गाडीचा कॉम्प्युटर तेलाचा दाब वळवतो, अस्तर लावलेली प्लेट कन्व्हर्टरच्या कव्हरला घट्ट बसते आणि दोन्ही बाजू एकत्र फिरू लागतात. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४९ साली आपल्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये हे आणलं होतं. इंधनटंचाईनंतर, १९७८ च्या मॉडेल्समध्ये क्रायस्लरनेही ते घेतलं.

आता तुझं काम. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतलास की पाय हलका आणि स्थिर ठेव. गिअर न बदलताही आरपीएमचा काटा थोडासा खाली सरकला, तर समज, क्लच लागला. जोरात ॲक्सिलरेटर दाबलास की तो सुटतो, काटा वर जातो. सारखं दाबत-सोडत राहिलीस तर बिचाऱ्याला धरायला सवडच मिळत नाही. आणि घाट उतरताना न्यूट्रल करायचं नाही हं! इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. खालचा गिअर घे.

एक खूण मात्र मनात पक्की कर. साठ-सत्तरच्या वेगात, हलक्या पायाने जाताना गाडी रम्बलरवरून गेल्यासारखी थरथरली आणि पाय दाबताच थरथर थांबली, तर संशय लॉकअप क्लचवर घे. थांबताना इंजिन बंद पडायला लागलं, तर क्लच सुटत नसेल. दोन्ही वेळा चालढकल नको. प्लेटचं अस्तर झिजलं की त्याची भुकटी तेलातून सगळ्या गिअरबॉक्सभर फिरते.

गॅरेजमध्ये कुणी थेट ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणालं, तर घाबरून मान डोलवू नकोस. आधी कॉम्प्युटरमधले कोड वाचायला सांग, तेलाचा रंग, वास आणि पातळी बघायला सांग. तेल जुनं झालं असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच प्रतीचं नवीन घालून घे. बरेचदा थरथर तेवढ्यानेच थांबते. नाही थांबली, तर पुढचा खर्च कर, पण कशासाठी करतेयस ते समजून कर.