ताप उतरला, पण पाढे का विसरले?

समजा, तुम्ही पुंडलिकनगरातल्या एखाद्या शाळेत सातवीत शिकत आहात. पावसाळ्यात तुमच्या बाकावरचा मित्र एकाएकी आजारी पडतो. सडकून ताप, उलट्या आणि मग झटके. त्याला घाटीच्या रुग्णालयात दाखल करतात. दोन महिन्यांनी तो शाळेत परत येतो. थोडा रोडावलेला आहे, पण चालतो, बोलतो, हसतो. सगळ्यांना वाटते, चला, बरा झाला! मग गुरुजी त्याला सतराचा पाढा म्हणायला सांगतात. गेल्या वर्षी हाच पाढा घडाघडा म्हणणारा मुलगा आता 'सतरा त्रिक' पाशीच अडखळतो. मागच्या बाकावरून कुणीतरी हसते आणि म्हणते, "सोंग करतोय, झालं!"

हे खरेच सोंग आहे का? उत्तर हवे असेल तर विषाणू मेंदूत शिरल्यावर तेथे काय घडते, ते समजून घेतले पाहिजे.

आपल्याच महाराष्ट्रातला एक विषाणू

१९६५ साली नागपूर भागात तापाची साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक नवाच विषाणू सापडला. नागपूरजवळच्या गावावरून त्याचे नाव पडले 'चांदीपुरा'. हे संशोधन केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

हा विषाणू रॅबीजच्या विषाणूच्याच कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. तो पसरतो कसा? या प्रश्नाचा एक धागा तुमच्याच जिल्ह्यात मिळाला. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पकडलेल्या वाळूमाश्यांमध्ये चांदीपुरा विषाणू सापडल्याचे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी १९७० साली प्रसिद्ध केले.

वाळूमाशी तुम्ही कदाचित पाहिलीही असेल, पण ओळखली नसेल. ती डासापेक्षा बरीच लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची. बसली की पंख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे उभे धरते. फार लांब उडत नाही, टुणटुण उड्या मारल्यासारखी हलते. डासाप्रमाणे तिला साचलेले पाणी लागत नाही. ओलसर माती, मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचे कोपरे अशा जागी तिची अंडी वाढतात. सुट्टीत आजोळी जाल, तेव्हा गोठ्याच्या भिंतीकडे जरा निरखून पाहा.

सुरुवातीला चांदीपुरा हा साध्या तापाचा विषाणू आहे, असे वाटत होते. १९८० साली जबलपूरच्या एका मेंदूविकाराच्या रुग्णात तो आढळला. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. जून ते ऑगस्ट २०२४ या काळात गुजरात व आसपासच्या भागात पुन्हा मोठी साथ आली. त्या वेळी मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांपैकी ८२ जण दगावले आणि ६४ जणांत चांदीपुरा विषाणू असल्याची खात्री झाली.

कडेकोट पहारा आणि चोरवाटा

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांना सुखासुखी धक्का लागू नये, अशी निसर्गानेच व्यवस्था केली आहे. मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधील पेशी एकमेकींना अगदी घट्ट चिकटलेल्या असतात. प्राणवायू आणि साखर आत जाते. परंतु जंतू आणि पुष्कळशी औषधेसुद्धा बाहेरच अडतात. या व्यवस्थेला रक्त-मेंदू अडसर म्हणतात.

तरी काही विषाणू आत शिरतातच. काही रक्तात इतके वाढतात की अडसरातून वाट काढतात. काही रक्तातल्याच पांढऱ्या पेशींत लपून आत जातात. रॅबीजचा विषाणू रक्ताच्या वाटेने जातच नाही. कुत्रा चावलेल्या जागेपासून तो चेतातंतूच्या आतून, जणू बोगद्यातून, मेंदूकडे सरकतो. म्हणूनच जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि विलंब न करता लस घ्यायची.

हरभरे सांगतील सूज म्हणजे काय

विषाणू आत गेला की तो चेतापेशीच्या यंत्रणेचा ताबा घेतो आणि स्वतःच्या प्रती काढतो. पेशी मरू लागतात. शरीर स्वस्थ बसत नाही. धोक्याची सूचना देणारी रसायने सुटतात, रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून द्रव पाझरतो, लढणाऱ्या पेशी धावून येतात. यालाच दाह म्हणतात. गांधीलमाशी चावल्यावर हात सुजतो, तोही दाहच. मग हाताच्या सुजेचे कौतुक नाही आणि मेंदूच्या सुजेची एवढी भीती का?

एक प्रयोग करून पाहा. प्लास्टिकची एक लहान डबी घ्या. (काच नको, ती फुटेल.) तिच्यात कोरडे हरभरे तीनचतुर्थांशाहून थोडे जास्त भरा, काठापर्यंत पाणी ओता आणि दाबून बसणारे झाकण लावा. तेवढेच हरभरे एका उघड्या परातीत भिजत घाला. सकाळी पाहा. परातीतले हरभरे फुगून पसरले असतील. डबीतले मात्र एकमेकांवर दाटले असतील आणि बहुधा झाकण उचलले गेले असेल.

हात म्हणजे परात. कवटी म्हणजे डबी, पण तिचे झाकण हाडाचे आहे. ते उचलले जात नाही! मेंदू सुजला की कवटीतला दाब वाढतो, रक्त नीट पोचत नाही आणि विषाणूने न शिवलेल्या पेशीही प्राणवायूवाचून गुदमरतात. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते. म्हणून तापलेल्या बाळाची टाळू फुगली आहे का, हे डॉक्टर आधी हात फिरवून पाहतात.

शत्रू गेला, पहारेकरी उरले

आता आपल्या मित्राच्या पाढ्यांकडे वळू. ताप उतरला, विषाणू गेला. मग पाढे का आठवू नयेत?

एक कारण उघड आहे. त्वचेच्या पेशी मेल्या तर नव्या येतात. मेलेल्या चेतापेशींची जागा मात्र सहसा भरून निघत नाही. कोणत्या पेशी मेल्या, त्यावर नुकसान अवलंबून असते. हर्पिस नावाचा विषाणू बहुधा कानाच्या आतल्या बाजूच्या मेंदूवर घाला घालतो. तेथेच हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग असतो आणि नव्या आठवणी तोच घडवतो. असा रुग्ण लहानपणचे सारे सांगतो, पण सकाळी काय खाल्ले ते विसरतो. जपानी मेंदूज्वराचा विषाणू मेंदूच्या मध्यभागातील गाठींना इजा करतो. त्यामुळे हातपाय ताठरतात, थरथरतात.

दुसरे कारण अधिक नवलाचे आहे. मेंदूत सूक्ष्म पहारेकरी पेशी असतात. जंतू खाणे, कचरा उचलणे हे त्यांचे काम. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग म्हणजे वेस्ट नाईल विषाणू. त्याच्यावर अमेरिकेत उंदरांवर झालेले प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाले. आजारातून उठलेल्या उंदरांना एका गोल फळीवर सोडले. फळीच्या कडेला बरीच भोके होती, पण लपायची जागा एकाच भोकाखाली. निरोगी उंदीर दोन-चार दिवसांत ते भोक लक्षात ठेवू लागले. आजारातून उठलेले मात्र चुकत राहिले.

त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशी बऱ्याचशा शाबूत होत्या. नाहीसे झाले होते ते त्यांच्यामधले जोड! शरीराच्या संरक्षक रसायनांनी त्या जोडांवर 'काढून टाका' अशा खुणा केल्या होत्या आणि पहारेकरी पेशी ते जोड खात होत्या. त्या रसायनांपैकी एक महत्त्वाचे रसायन ज्या उंदरांत मुळातच नव्हते, त्यांचे जोड बचावले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण विषाणू गेल्यावरही मेंदूचे नुकसान कसे चालू राहू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

आठवण म्हणजे तरी काय? चेतापेशींमधले पक्के झालेले जोड. 'सतरा त्रिक' ऐकताच 'एक्कावन्न' ओठांवर येते, कारण रोजच्या घोकण्याने ती वाट मळली गेली आहे. जोड तुटला की वाट बुजते. मुलाला उत्तर द्यायचे असते, पण पोचायला रस्ता नसतो. याला सोंग कसे म्हणायचे?

असे किती जणांचे होते? जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची लागण झालेल्या सुमारे अडीचशे जणांत एखाद्यालाच गंभीर आजार होतो. पण ज्यांना मेंदूदाह होतो, त्यांच्यापैकी ३० टक्क्यांपर्यंत दगावू शकतात आणि ३० ते ५० टक्क्यांच्या मेंदूत कायमचा काही दोष राहू शकतो. कुणाचे लक्ष लागत नाही, कुणाला शब्द सुचत नाहीत, कुणी उगाच चिडतो.

तुमच्या हाती काय आहे?

चांदीपुरावर अजून लस नाही, खास औषधही नाही. रुग्णालयात झटके थांबवतात, मेंदूची सूज उतरवतात, श्वास सांभाळतात. हर्पिसवर ॲसायक्लोव्हिर हे औषध आहे, पण ते लवकर सुरू करावे लागते. म्हणून वेळ ही येथे सर्वांत मोठी गोष्ट. चांदीपुरात काही मुले एक-दोन दिवसांतच दगावतात.

घरात कुणाला जोराचा ताप असेल आणि त्याबरोबर झटके, सारख्या उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बडबड असेल, तर मोठ्यांना सांगा की सकाळची वाट पाहायची नाही. १०८ क्रमांकाला फोन करा. झटका आलेल्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका.

गावच्या घरातील भिंतींच्या भेगा लिंपा. शेण घरापासून दूर टाका. बारीक जाळीची मच्छरदाणी वापरा, कारण वाळूमाशी साध्या जाळीतून आत येते. गोवराची लस सर्वच बाळांना देतात. जपानी मेंदूज्वराची लस जेथे त्याची साथ येते, त्या जिल्ह्यांत देतात. धाकट्या भावंडांच्या लसी राहिल्या आहेत का, ते आईला विचारा.

आणि तो बाकावरचा मित्र? त्याच्या मेंदूत नवे जोड तयार होऊ शकतात आणि लहान वयात ते मोठ्यांपेक्षा सहज होतात. पण त्यासाठी सराव हवा, झोप हवी आणि महिनोन्‌महिने धीर हवा. सगळेच परत येईल असे नाही, पण पुष्कळ येऊ शकते. औषधे डॉक्टर देतील. सराव मात्र कुणीतरी शेजारी बसून करून घ्यायला हवा. उद्या मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसा आणि दोघे मिळून सतराचा पाढा पहिल्यापासून म्हणा. तो अडखळला तर थांबा, हसू नका. 'सतरा एके सतरा' पासून पुन्हा सुरू करा.