वैद्यक की उद्योग? एका निर्णयाचा विचार

वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांच्या मनात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक प्रश्न घर करू लागतो. आपली वाट खरोखर हीच आहे काय? एकीकडे स्वतःचा उद्योग उभारण्याची ओढ, तर दुसरीकडे मोठ्या कष्टाने मिळालेली जागा. घरात हा विषय काढण्याचाही संकोच वाटतो. या प्रश्नाचा शांतपणे विचार कसा करावा, हे येथे पाहू.

शंकेचे मूळ

एम. बी. बी. एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता असते. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र यांवर भर असतो. रुग्णांशी निकटचा संबंध पुढे येतो. म्हणून अभ्यासाचा थकवा म्हणजे व्यवसायाची नावड नव्हे. रुग्णाची हकीकत ऐकताना मन रमते काय, ही खरी कसोटी होय. तेथेही मन रमत नसेल, तर केवळ पदवीसाठी आयुष्यभर रुग्णासमोर बसणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल.

उद्योगाची ओढही अशीच पारखून घ्यावी. आपला माल वा सेवा कोण घेणार, भांडवल कोठून येणार आणि उत्पन्न सुरू होईपर्यंत निर्वाह कसा चालणार, या प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. सुटीत एखाद्या कारखान्यात वा दुकानात काम करून पाहिल्यास बराच भ्रम दूर होतो.

दोन उदाहरणे

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर 1976 मध्ये मदुराई येथे 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. शुल्क देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांवर मोफत उपचार, हे त्यांचे सूत्र होते. 1992 मध्ये याच संस्थेने डोळ्यात बसवावयाची भिंगे स्वस्तात बनविण्यासाठी ऑरोलॅब हा कारखाना काढला. वैद्यक व उद्योग येथे एकत्र नांदले. याउलट, किरण मजुमदार-शॉ यांना वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही. त्यांनी किण्वनशास्त्राचे शिक्षण घेऊन 1978 मध्ये बंगळूर येथे बायोकॉन उभी केली आणि पुढे ही कंपनी औषधनिर्मितीत नावाजली. वैद्यकाबाहेर राहूनही आरोग्याची सेवा घडते, हे यावरून दिसते.

निर्णयापूर्वी

जागा सोडण्यापूर्वी प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेले बंधपत्र व शैक्षणिक कर्जाच्या अटी बारकाईने वाचाव्यात. मध्येच सोडलेली जागा बहुधा रिकामीच राहते, याचेही भान ठेवावे. पदवीनंतर उद्योग करावयाचा असल्यास 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेची मर्यादा लक्षात घ्यावी. रुग्ण पाठविण्याबद्दल दलाली घेणे वा इतर डॉक्टरांनी लिहिलेली औषधे विकण्याचे दुकान चालविणे डॉक्टरला वर्ज्य आहे.

उद्योगाच्या मार्गदर्शनासाठी जिल्हा उद्योग केंद्र, तर प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उपलब्ध आहे. पालकांनीही पाल्याचे म्हणणे न रागावता ऐकावे. शंका बोलून दाखविणारा विद्यार्थी जबाबदारी टाळत असतो असे नाही. पुष्कळदा तो ती ओळखू लागलेला असतो.