बेडकाला पाय किती?

मित्रांनो, बेडकाला पाय किती? तुम्ही म्हणाल, "हा काय प्रश्न झाला? चार!" पण ही खरी गोष्ट ऐका.

१९९५ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हेंडरसन गावाजवळ एका शाळेची मुले शेतातल्या तळ्यावर गेली होती. तिथे त्यांनी बेडूक पकडून पाहिले, तर जवळजवळ निम्म्या बेडकांचे पाय बिघडलेले! मुलांनी ते मोजले, लिहून ठेवले आणि राज्याच्या प्रदूषण खात्याला कळवले. मग मोठमोठे शास्त्रज्ञ शोधाला लागले.

त्यांना सापडलेले एक कारण म्हणजे 'रिबेरोइया' नावाचा बारीक, चपटा कृमी. याला जन्मभरात तीन बिऱ्हाडे लागतात.

पहिले बिऱ्हाड – पाण्यातली गोगलगाय. अंड्यातून निघालेला कृमी तिच्या अंगात शिरतो. तिथे एकाचे अनेक होतात.

दुसरे बिऱ्हाड – बेडूकमासा. रात्री गोगलगायीतून बाहेर पडलेले कृमी पोहत जाऊन, त्याचे मागचे पाय जिथे फुटायचे असतात, नेमके तिथे घुसतात व कोष करून बसतात. त्यामुळे पायाची वाढ चुकते. कुणाला जास्तीचा पाय फुटतो, तर कुणाला पायच येत नाही.

तिसरे बिऱ्हाड – बगळ्यासारखा पक्षी. लंगड्या बेडकाला नीट उडी मारता येत नाही, म्हणून तो लवकर सापडतो. पक्ष्याच्या पोटात कृमी मोठा होऊन अंडी घालतो. ती विष्ठेबरोबर पाण्यात पडतात, की पुन्हा पहिल्यापासून सुरू!

हे खरे कशावरून? १९९९ साली शास्त्रज्ञांनी काही बेडूकमासे या कृमींबरोबर ठेवले, काही वेगळे ठेवले. कृमींबरोबरच्यांपैकी जे जगले, त्यांतल्या बहुतेकांचे पाय बिघडले. वेगळे ठेवलेल्यांचे पाय नीट आले.

पण प्रत्येक लंगडा बेडूक कृमीमुळेच होतो असे नाही. काही तळ्यांत हा कृमी सापडलाच नाही. चतुराच्या अळ्याही बेडूकमाशांचे पाय कुरतडतात.

आता शेतकरी पालकांनीही वाचावे असे. २००७ साली असे दिसून आले, की खतातली द्रव्ये तळ्यात मिसळली की शेवाळ वाढते. शेवाळ खाऊन गोगलगायी वाढतात, आणि गोगलगायी वाढल्या की कृमीही वाढतात. खत पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणे आपल्याकडेही होतेच. म्हणून मोठा पाऊस येणार असेल, तर खत टाकायची घाई करू नये. पैसाही वाचेल, पाणीही चांगले राहील.

बेडूक पिकावरचे किडे खातो. त्याला दगड मारू नका. तळ्याकाठी नुसते बघा, मोजा, वहीत लिहा. त्या मुलांनी एवढेच केले होते, आणि तिथूनच एवढा मोठा शोध सुरू झाला!

– विज्ञान मंडळ, इयत्ता ७ वी