गिटारवरील उपज : डोळ्यांसमोरच्या आकृत्या

तृतीय वर्ष कला

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात माझ्या वाट्याला अवघ्या बत्तीस मात्रा आल्या होत्या. माझा मित्र गाणार होता, वर्गातलाच एकजण गिटारवर साथ करणार होता, आणि धृपद संपून अंतरा सुरू होईपर्यंतच्या मधल्या जागेत मी गिटारवर माझ्या मनाने काहीतरी वाजवायचे होते. पाश्चात्त्य संगीतात याला सोलो म्हणतात. आपला शब्द वापरायचा तर ही उपज. लहानपणी आत्याकडे पेटी शिकलो असल्यामुळे सप्तक माझ्या बोटांत होते. गाणे पांढरी एकमधले. मी सा रे ग म वर-खाली धावडवले, दोन-तीन ताना मारल्या आणि शेवटच्या चार मात्रांवर ऐटीत वरच्या सा वर जाऊन उभा राहिलो.

नेमके तेथेच बिघडले. गिटार सुरात मिळवलेली होती, सा सुरेल होता, तरीही तो कानाला टोचत होता. मित्र त्या सुराच्या आधारानेच अंतरा उचलणार होता. तो गोंधळला आणि भलत्याच सुरात शिरला. मागच्या बाकांवरून व्हायचे ते झाले. मित्र मला एका शब्दानेही बोलला नाही. "होतं असं कधीकधी," एवढेच म्हणाला. पण त्यानंतर कितीतरी महिने त्याने गाण्याला बसताना मला हाक मारली नाही. रागावला असता तर बरे वाटले असते.

सुरेल सा बेसूर का वाटावा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे थोडेफार हाती लागले, ते या लेखात मांडत आहे. विषय काहीसा तांत्रिक आहे खरा. परंतु गिटारला कधी हात न लावलेल्या वाचकालाही पेटीच्या आधाराने तो समजावा, असा प्रयत्न केला आहे.

सा का चुकला?

आमच्या गल्लीत एक वयस्कर काका राहतात. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत गिटार वाजवली होती. संमेलनानंतरच्या रविवारी मी गिटार घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि झालेली फजिती सांगितली. त्यांनी मला तोच सोलो वाजवायला लावला, स्वतः साथ केली, आणि शेवटच्या सा वर हात थांबवून विचारले, "आत्ता खाली कोणती कॉर्ड चालली आहे?"

"काका, मी सा वर आहे ना!" मी म्हणालो.

"तू कुठे आहेस ते मला ऐकू आलं. गाणं कुठे आहे ते सांग."

मला सांगता येईना. मी तिकडे लक्षच दिले नव्हते.

येथेच आपल्या आणि पाश्चात्त्य पद्धतीतला एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो. आपल्या मैफलीत तंबोरा अखंड झंकारत असतो. षड्ज अचल असतो. गायक कितीही दूर गेला तरी घर जागचे हलत नाही. म्हणून सा वर येऊन थांबणे ही आपल्या कानाला नेहमीच विश्रांती वाटते. कॉर्ड्सच्या संगीतात मात्र पायाखालची जमीनच दर काही मात्रांनी सरकते. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. गाणे पुढे सरकते तसे हे स्वर बदलतात, आणि वरच्या सुरावटीतला प्रत्येक स्वर त्यांच्या नात्याने ऐकू येतो. हे संगीत आपल्याला परकेही राहिलेले नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून मुंबईत आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संगीतकारांनी हिंदी चित्रपटगीतांत ते रुजवले, आणि आपण ते बालपणापासून ऐकत आलो आहोत.

आमच्या गाण्यात चार कॉर्ड्स एकामागून एक येत होत्या. सी मेजर, ए मायनर, डी मायनर आणि जी सेव्हन. प्रत्येकीला चार मात्रा. सी म्हणजे पांढरी एक, तिला सा धरले तर यांचे स्वर असे होतात : सी मेजरचे सा ग प, ए मायनरचे ध सा ग, डी मायनरचे रे म ध आणि जी सेव्हनचे प नि रे म. सगळे शुद्ध स्वर. चारही कॉर्ड्स एकाच सप्तकातल्या असल्यामुळे ते सप्तक सर्वत्र चालेल असे वाटते, आणि नवशिका फसतो तो येथेच. जी सेव्हनमध्ये शुद्ध नि आहे. मी वर सा धरून बसलो होतो आणि खाली नि वाजत होता. दोघांत एका पडद्याचे अंतर. म्हणून ते घर्षण. तो सा जाता जाता लागला असता किंवा लगेच नि वर उतरला असता, तर उलट गोड वाटला असता. मी तेथे मुक्काम केला, ही चूक.

आकृती म्हणजे काय?

आता प्रश्न असा, की गाणे वेगाने पुढे जात असताना कोणत्या कॉर्डमध्ये कोणते स्वर आहेत याचा हिशेब करणार कधी? येथे गिटारची रचना मदतीला येते. पेटीवर दुसरी पट्टी घेतली की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा क्रम बदलतो. गिटारवर बोटांची मांडणी तीच ठेवून संपूर्ण हात दोन पडदे वर सरकवला, की तीच कॉर्ड दोन पडदे चढून मिळते. म्हणजे गिटारवर कॉर्ड ही आधी एक आकृती असते. सुरुवातीला आपण सी, ए, जी, ई आणि डी या पाच मेजर कॉर्ड्स दांडीच्या टोकाशी शिकतो. या पाच आकृत्या वर सरकत गेल्या की कोणतीही एक मेजर कॉर्ड दांडीवर पाच ठिकाणी सापडते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला केजड असे नाव पडले आहे.

काकांनी मला पाचही आकृत्या एकदम दिल्या नाहीत. "तीन बारीक तारा पुरेत," ते म्हणाले. सर्वांत बारीक तार पहिली. तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर मिळून सी मेजरचे तीन स्वर बारा-तेरा पडद्यांत तीन ठिकाणी बसतात : ५-५-३, ९-८-८ आणि १२-१३-१२. (आकडे तिसऱ्या तारेपासून पहिल्या तारेकडे वाचावेत.) आम्ही पाचव्या पडद्याच्या आसपास बसलो आणि चारही कॉर्ड्स तेथेच शोधल्या.

सी मेजर : ५-५-३
ए मायनर : ५-५-५
डी मायनर : ७-६-५
जी सेव्हन : ७-६-७
पुन्हा सी मेजर : ५-५-८

(जी सेव्हनमध्ये येथे प नाही, तो साथीच्या जाड तारा सांभाळतात.)

वाचकाने हे आकडे जरा सावकाश पाहावेत. पहिल्या कॉर्डवरून दुसरीवर जाताना एकच बोट हलते. तिसरीवरून चौथीवर जातानाही एकच. हात जवळजवळ जागचा हलत नाही आणि तरीही गाण्याची सारी वाटचाल त्यात आहे. शिवाय पहिल्या तारेवर काय उमटले ते पाहा : ३, ५, ५, ७, ८, म्हणजे प, ध, ध, नि, सा. मी काहीही रचले नव्हते, केवळ कॉर्ड्स बदलल्या होत्या. आणि त्यांच्या वरच्या कडेने एक सुरावट आपोआप तयार झाली होती. माझी चूकही त्या आकड्यांत स्पष्ट दिसली. जी सेव्हनच्या वेळी मी आठव्या पडद्यावर होतो. गाणे सातव्यावर होते. आठवा पडदा माझाच होता, पण पुढच्या मात्रेला. मी घरी चार मात्रा लवकर पोहोचलो होतो.

सराव कसा करावा?

काकांनी सांगितलेला क्रम मला उपयोगी पडला, म्हणून तो देतो.

पहिली पायरी म्हणजे फक्त आकृत्या. साथ मंद लयीत ठेवावी आणि प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या मात्रेला तिची आकृती छेडावी. चौथ्या मात्रेला बोटे जुन्या जागीच असली तरी डोळ्यांसमोर पुढची आकृती उभी राहिली पाहिजे. सगळे मर्म या चौथ्या मात्रेत आहे. तबलजी समेची वाट पाहत बसत नाही, सम कोठे येणार हे त्याला आधीच दिसत असते, तसेच हे. काही दिवसांनी दांडीकडे न पाहता, डोळे मिटून, पडद्यांवर ते तीन-तीन ठिपके उजळलेले दिसू लागतात.

दुसरी पायरी एका स्वराची. प्रत्येक कॉर्डमधला मूळ स्वरापासूनचा तिसरा स्वर तेवढा वाजवायचा : सी मेजरमध्ये ग, ए मायनरमध्ये सा, डी मायनरमध्ये म, जी सेव्हनमध्ये नि. कॉर्डचा स्वभाव, ती मेजर की मायनर, या स्वरावरून कळतो. साथ थांबवून एवढे चार स्वर वाजवले तरी ऐकणाऱ्याला गाणे कोठे चालले आहे ते उमगते. त्यानंतर जी सेव्हनमधला म आणि सी मेजरमधला ग असे लागोपाठ वाजवून पाहावे. दुसऱ्या तारेवर सहाव्या पडद्यावरून पाचव्यावर, केवळ एक पडदा खाली. पण दार उघडून घरात पाऊल टाकल्यासारखे वाटते.

तिसऱ्या पायरीला सप्तक परत येते. आकृतीतले स्वर म्हणजे मुक्कामाची ठिकाणे, उरलेले स्वर म्हणजे त्यांच्यामधली वाट. वाटेवर कोठूनही जावे, रेंगाळावे, एखादा आगंतुक कोमल स्वरही घ्यावा. मात्र कॉर्ड बदलते त्या क्षणी नव्या आकृतीतल्या एखाद्या स्वरावर पाऊल पडावे.

चौथी पायरी सर्वांत अवघड आणि सर्वांत सोपी : वाजवण्यापूर्वी गाणे. आकृती दिसली की तिच्यातला स्वर आधी तोंडाने म्हणायचा आणि मगच तार छेडायची. हे केले नाही तर आकृत्यांचा सापळा होतो. डोळ्यांना दिसते म्हणून बोटे जातात आणि कान बाहेरच राहतो. महिनाभर माझे तसेच झाले. वाजवलेले चुकत नव्हते, पण ऐकण्यासारखेही नव्हते. काका म्हणाले, "नकाशा पाठ झाला. आता गावात जा."

पूर्वसूरी

ही वाट नवी नाही. अमेरिकेतील चार्ली ख्रिश्चन (१९१६–१९४२) हा १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला. तोवर गिटारचे काम मुख्यतः मागे राहून ठेका धरण्याचे होते; विजेवर चालणाऱ्या गिटारमुळे तिचा एकेक स्वर शिंगवाद्यांच्या बरोबरीने ऐकू येऊ लागला. त्याच्या ताना कॉर्डच्या आकृत्यांभोवती विणलेल्या असत. पंचविसाव्या वर्षीच तो गेला. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) शिकला. स्वरलेखन वाचता न येणारा हा कलावंत त्या सोलोंतला स्वर न् स्वर कानाने टिपून घेई. पिक न वापरता तो अंगठ्यानेच वाजवी. आधी एकेरी स्वर, मग सप्तकाच्या अंतरावरचे जोडस्वर आणि शेवटी संपूर्ण कॉर्ड्स, अशी त्याच्या सोलोची चढण असे. आपला ख्याल जसा पायरीपायरीने फुलतो, तसेच काहीसे. जो पास (१९२९–१९९४) याने तर १९७३ मध्ये कोणाचीही साथ न घेता एकट्या गिटारवर 'व्हर्च्युओसो' ही तबकडी मुद्रित केली. तीत सुरावट आणि कॉर्ड्स एकमेकींत अशा मिसळल्या आहेत की सीमारेषा शोधावी लागते. चार्ली आणि वेस यांच्यात एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. एकाने आकृत्यांभोवती सुरावट विणली, दुसऱ्याने ती कानाने उचलली. डोळा आणि कान यांचे भांडण नाही.

शेवटी

यंदाच्या संमेलनाआधी मी स्वतःच मित्राकडे गेलो. म्हणालो, "बत्तीस मात्रा परत दे." तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "अंतरा मला गवसला पाहिजे, एवढंच." त्याच्या या वाक्याने जे समजले ते काकांच्या धड्यांनीही समजले नव्हते. माझा सोलो माझ्यासाठी नव्हताच. पुढे येणाऱ्या गायकाला त्याच्या सुरापर्यंत नेऊन पोहोचवण्यासाठी तो होता. गेल्या वर्षी मी माझ्या बोटांकडे पाहत होतो, गाण्याकडे नाही.

या वेळी मी फार थोडे स्वर वाजवले. शेवटच्या चार मात्रांवर सातव्या पडद्यावर, नि वर थांबलो. डोळ्यांसमोर पुढची आकृती उभी होती. सम आली तेव्हा मी आठव्या पडद्यावर पाऊल टाकले आणि त्याच क्षणी मित्राने अंतरा उचलला, अगदी नेमका. टाळ्या त्याच्या गाण्याला पडल्या. सोलो कोणाच्या ध्यानातही राहिला नसेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची हाक आली, "अरे, गिटार घेऊन ये."