येशूच्या नावाचे देऊळ : रोममधील 'जेझू'

(वाचन : फिलिप्पैकरांस पत्र 2:5-11)



2025 च्या ज्युबिली वर्षानिमित्त आपल्या धर्मग्रामातील आम्ही काही जण रोमची यात्रा करून आलो. संत पेत्राच्या महामंदिराच्या पवित्र दारातून आत गेलो, मोठ्या बॅसिलिका पाहिल्या, पाय दुखेपर्यंत चाललो. शेवटी एक दुपार मोकळी मिळाली, तेव्हा शहराच्या मध्यभागी असलेल्या 'जेझू' या देवळात गेलो. आत पाऊल टाकताच आमच्याबरोबरच्या एका आजींनी मान वर करून छताकडे पाहिले आणि हळूच विचारले, "फादर, एवढं सोनं कशाला? येशू तर गोठ्यात जन्मला ना?"

तेव्हा आम्ही काहीतरी उत्तर दिले. पण ते आम्हांलाच पटले नव्हते. म्हणून त्या प्रश्नाकडे आज जरा सावकाशीने पाहू या. सध्या आपल्याही देवळाच्या छताची चर्चा चालू आहे. हा लेख लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

जेझू म्हणजे इटालियन भाषेत येशू. हे देऊळ येशूच्या पवित्र नावाला वाहिलेले असून ते येशूसंघाचे मातृमंदिर मानले जाते. संत इग्नेशियस लोयोला यांच्या संघाला पोप तिसरे पॉल यांनी 1540 साली मान्यता दिली. त्यानंतर या जागी असलेले वाटेवरील मातेचे छोटेसे देऊळ संघाला मिळाले. ते लवकरच अपुरे पडू लागले. नवे देऊळ बांधायचा विचार 1550 पासून चालू होता. वृद्ध मायकेलअँजेलोने मोबदला न घेता काम करून देण्याची तयारी दाखवली होती. पण पैसाच उभा राहिला नाही. 31 जुलै 1556 रोजी इग्नेशियस वारले, तेव्हा देवळाचा पत्ता नव्हता. ज्यांना देऊळ बांधायला वीस-वीस वर्षे लागतात त्या धर्मग्रामांनी एवढे ध्यानात ठेवावे!

अखेर 1568 साली काम सुरू झाले ते कार्डिनल अलेस्सांद्रो फार्नेझे यांच्या पैशाने. हे तिसऱ्या पॉल यांचे नातू, आणि वयाच्या चौदाव्या वर्षी कार्डिनल झालेले. पोपचा नातू हे वाचून कोणी दचकू नये. तो काळच तसा होता. ज्यांनी नातवाला कार्डिनल केले, त्याच पोपनी ख्रिस्तसभेच्या सुधारणेसाठी 1545 साली ट्रेंटची परिषद बोलावली. पवित्र आत्म्याला कसल्या माणसांकडून काम करून घ्यावे लागते, याचा हा एक नमुना.

बांधकामाच्या सुरुवातीलाच वाद झाला तो छतावरून. संघाच्या फादरांना सपाट लाकडी छत हवे होते, कारण दगडी कमानीच्या छताखाली आवाज घुमतो आणि प्रवचनातले शब्द एकमेकांत मिसळून जातात. कार्डिनलांना मात्र भव्य कमानी छत हवे होते. वास्तुशिल्पी विन्योला यांना त्यांनी पत्र लिहून कळवले की, छत कमानीचेच असावे. आवाज घुमण्याची भीती आपल्याला रास्त वाटत नाही. पैसा कार्डिनलांचा, तेव्हा छत कमानीचे झाले. त्याच पत्रात त्यांनी आणखी एक अट घातली होती : मधे एकच मोठे दालन, आणि खांबांच्या रांगांऐवजी दोन्ही बाजूंना लहान लहान वेद्या. या बाबतीत मात्र दोघांचे मत जुळले.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. त्यापूर्वीच्या अनेक मोठ्या देवळांत खांबांची रांगच्या रांग असे. धर्मगुरूंच्या सामुदायिक प्रार्थनेची जागा आडोशाने वेगळी काढलेली असे, आणि सामान्य माणूस खांबामागे उभा राहून घंटा ऐकू आली की मान लववत असे. ट्रेंट परिषदेने धर्मगुरूंना बजावले की, रविवारी लोकांना प्रवचन द्या. येशूसंघीयांच्या नियमात गायनासह सामुदायिक प्रार्थना नव्हती, त्यामुळे त्यांना वेगळ्या जागेची गरज नव्हती. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. प्रवचन मात्र लोकांच्या भाषेत. म्हणून जेझूमध्ये दारातून आत येताच वेदी दिसते. मधे काही नाही. पुढे जगभरच्या कितीतरी देवळांनी हा आराखडा उचलला. आपण आज देवळात शिरलो की सरळ वेदीकडे पाहतो. हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की, ते कधी कोणी ठरवले असेल असे मनातही येत नाही.

आपल्या देवळाचेच पाहा. पावसाळ्यात मागच्या चार बाकांवर प्रवचन ऐकू येत नाही. काहींच्या मते ती सोयच आहे, हे आम्हांला ठाऊक आहे! पण नव्या छताच्या ज्या कल्पना आमच्याकडे आल्या, त्यांत रंग आहेत, नक्षी आहे, दिवे आहेत. आवाजाबद्दल अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही.

25 नोव्हेंबर 1584 रोजी देवळाचे अभिषेकपूर्वक समर्पण झाले. दर्शनी भाग जाकोमो देल्ला पोर्ता यांचा. मुख्य दारावर येशूच्या नावाची आय-एच-एस ही अक्षरे आहेत. त्यांच्याही वर, दर्शनी भागाच्या रुंदीभर, कार्डिनल फार्नेझे यांनी हे बांधले असे लॅटिनमध्ये कोरलेले असून 1575 हे वर्ष रोमन आकड्यांत दिले आहे. चौकातून येणाऱ्याला आधी देणगीदाराचेच नाव दिसते. आम्हांला हसू आले, कारण आपल्याकडे पंख्याच्या पात्यांवर नावे असतात. पंखा फिरू लागला की निदान ती दिसत तरी नाहीत. कार्डिनलांना मात्र मुख्य वेदीसमोर जमिनीखाली पुरले आहे.

आता सोन्याकडे येऊ. आजींना दिसलेले सोने मूळचे नव्हे. पहिली जवळजवळ शंभर वर्षे हे देऊळ आतून बरेच साधे होते. छतावरचे चित्र जेनोआहून आलेल्या जोव्हान्नी बात्तिस्ता गाउल्ली यांनी 1676 ते 1679 या काळात रंगवले. मधोमध येशूच्या नावाची अक्षरे, त्यांतून फुटणारा प्रकाश, त्याभोवती संत आणि देवदूत. काठाला पाहिले तर, ज्यांना तो प्रकाश सोसत नाही ते ढगांसकट खाली कोसळताना दिसतात. चित्र चौकटीत मावत नाही. चौकटीबाहेर गिलाव्याचे उंचवटे करून त्यांवर आकृती रंगवल्या आहेत, आणि खालच्या सोनेरी नक्षीवर त्यांच्या सावल्याही रंगवल्या आहेत. रंग कुठे संपला, मूर्ती कुठे सुरू झाली आणि खरे छत कुठे आहे, हे खालून सांगता येत नाही. आजच्या लेखाला जोडलेल्या वाचनातील दहावी ओवी, येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकला जाण्याविषयीची, या चित्राचा आधार आहे.

या शैलीला बरोक म्हणतात. हा शब्द वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला असे मानले जाते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला ही शैली म्हणजे निव्वळ भपका वाटे. पण संत इग्नेशियस यांची आध्यात्मिक साधना ज्यांनी केली आहे, त्यांना यामागची रीत ओळखीची वाटेल. शुभवर्तमानातील प्रसंग केवळ समजून घेऊ नका, तो डोळ्यांसमोर उभा करा, त्या जागी जाऊन उभे राहा, असे ती साधना सांगते. ज्याला वाचता येत नव्हते त्या रोमच्या भारवाहकाला हे छत दर रविवारी फुकट पाहता येत होते. एवढी संपत्ती त्याला दुसऱ्या कोणत्या दालनात कोणी पाहू दिली असती? आजींच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर आहे. दुसरे अर्धे आम्हांला तिथल्याच डाव्या बाजूच्या वेदीपाशी सापडले.

ती संत इग्नेशियस यांची वेदी. त्यांचे अवशेष तिथे आहेत. आंद्रेया पोझ्झो या येशूसंघीय ब्रदरने ती 1695 ते 1699 या काळात उभारली. लाजवर्द या निळ्या दगडाने मढवलेले खांब, मधे संतांचा चांदीचा पुतळा. रोज सायंकाळी त्यापुढचे मोठे चित्र यंत्राने हळूहळू खाली सरकते आणि पुतळा प्रकट होतो. आमच्यातील काही जणांनी टाळ्या वाजवल्या, मग देवळात आहोत हे आठवून हात खाली घेतले. पण तो पुतळा पहिला नव्हे. 1797 साली नेपोलियनने पोप सहावे पायस यांच्यावर तोलेंतीनोचा तह लादला, तेव्हा खंडणी भरण्यासाठी चांदी वितळवावी लागली. आजचा पुतळा नंतर केलेला, बहुतांशी चांदीचा मुलामा दिलेल्या गिलाव्याचा. चांदी गेली आणि लोक मात्र त्याच जागी गुडघे टेकत राहिले. हे आजींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आधीच गिलाव्याचा केला असता तर?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

याच वेदीच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी शिल्पे आहेत. एकीकडे धर्म पाखंडावर तुटून पडला आहे आणि एक बालदेवदूत पुस्तकाची पाने फाडतो आहे. दुसरीकडे श्रद्धा मूर्तिपूजेवर विजय मिळवते आहे. कलाकुसर अप्रतिम आहे, पण तिथे आम्ही फार वेळ थांबलो नाही. आपल्या गल्लीत गणपती बसतो, नाताळात शेजारी आपला गोठा पाहायला येतात. त्यांतल्या कुणाला ही शिल्पे समजावून सांगायची वेळ आली, तर आम्ही काय बोलणार? ख्रिस्तसभेने आपले म्हणणे द्वितीय व्हॅटिकन परिषदेत 1964 व 1965 साली वेगळ्या शब्दांत मांडले आहे. 31 ऑक्टोबर 2016 रोजी पोप फ्रान्सिस हे स्वतः येशूसंघीय असूनही लुथरन बांधवांबरोबर प्रार्थना करायला स्वीडनमधील लुंडला गेले. शिल्पे हलवावीत असे आम्ही म्हणत नाही. पण ती कोणत्या मनःस्थितीत घडवली गेली हे उघड बोलले पाहिजे. त्या छताखाली 'आपण जिंकलो' असे म्हणणे फार सोपे जाते.

समोरच्या, उजव्या बाजूच्या वेदीवर संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात आहे. 1614 साली गोव्यात त्यांच्या देहापासून तो वेगळा करून रोमला नेण्यात आला. बाकीचा देह गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत, म्हणजे 'चांगल्या येशू'च्या देवळात आहे. ती बॅसिलिका 1594 साली बांधायला घेतली आणि 1605 साली समर्पित झाली. तिचे नावही जेझूच. 2018 साली हा हात कॅनडात नेला, तेव्हा विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन राखून ठेवले होते! बाप्तिस्मा देता देता हात थकून जातात, असे झेवियर यांनी भारतातून लिहिले होते. आजी छताकडे पाहून गोंधळल्या होत्या; इथे मात्र त्या कुणाला काही न विचारता पुढे गेल्या आणि रोझरी काढून बसल्या. गोव्याचे प्रदर्शन त्यांनी तीनदा पाहिले आहे.

देवळाशेजारच्या इमारतीत इग्नेशियस यांच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. 1544 पासून मृत्यूपर्यंत ते तिथे राहिले. छत इतके ठेंगणे की आमच्यातील उंच मुलाने नकळत मान खाली घेतली. तिथे त्यांचे जोडे ठेवलेले आहेत. तिथे बोललेला शब्द स्पष्ट ऐकू येतो.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या छताविषयी बैठक आहे. अभियंते येणार आहेत. मागच्या चार बाकांवर बसणाऱ्यांनी कृपया थांबावे.

तुमचे धर्मगुरू