दूर पल्ल्याची धाव, साधा आहार आणि शरीराचे वजन

शरीराचे वजन उतरविणे आणि उतरलेले वजन टिकविणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली काही महिन्यांत साधते. दुसरीला वर्षानुवर्षांची सवय लागते. या कामी आहाराचा वाटा कोणता आणि व्यायामाचा कोणता, हे नीट न समजल्यामुळे पुष्कळांचे परिश्रम वाया जातात. भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज देण्यात आला. पोटात साठणारा अतिरिक्त मेद हे या रोगाच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे.

सारख्या निर्देशांकाची दोन शरीरे

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणाऱ्या अंकास शरीरभार-निर्देशांक म्हणतात. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजमाप केले असता डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद आढळला. डॉ. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते. आपले धावणे मुख्यतः रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्यापुरतेच आहे, असे डॉ. याज्ञिक यांनी त्याच लेखात विनोदाने नमूद केले आहे.

हा भेद केवळ सवयींचा नव्हे. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम भरले. पुण्याकडील बालकांचे स्नायू बरेच कमी होते, पण त्वचेखालचा मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. या आणि अशा इतर निरीक्षणांवरून भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली भारतीयांसाठी कडक मर्यादा सुचविल्या. निर्देशांक २३ झाला की वजन जास्त समजावे, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावा. वजनकाट्याच्या जोडीला मोजपट्टी हवी ती याचसाठी.

धावण्याचा हिशेब

शरीराला लागणारी ऊर्जा उष्मांकांत मोजतात. येथे एक उष्मांक म्हणजे एक किलोकॅलरी समजावी. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली दाखवून दिले की, सपाट जमिनीवर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक उष्मांक खर्च होतो. वेग कमी असो वा अधिक, हा आकडा फारसा बदलत नाही. म्हणजे ७० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य ५ किलोमीटर धावला, तर सुमारे ३५० उष्मांक खर्च होतील. एवढे उष्मांक सुमारे ४० ग्रॅम तेलातून परत मिळतात. एक किलोग्रॅम चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. ती केवळ धावून जाळावयाची, तर या मनुष्यास ११० किलोमीटर धावावे लागेल. आहार न बदलता नुसते धावून वजन झपाट्याने उतरेल, ही अपेक्षा म्हणूनच बहुधा फोल ठरते.

मग धावण्याचा उपयोग तो काय? आकुंचन पावणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही आत ओढून घेतो आणि त्यानंतर बराच काळ इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. नियमित व्यायामाने यकृतातील व पोटातील मेद घटतो. कधीकधी वजन तेच राहूनही तो घटतो. चेन्नई येथील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींपैकी काहींना आहारात सुधारणा आणि रोज सुमारे अर्धा तास भरभर चालणे यांचा सल्ला देण्यात आला. त्यांचे वजन विशेष घटले नाही; तरीही मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले.

उपासमारीला शरीराचे उत्तर

यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन नावाची शर्करा साठलेली असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. आहार एकाएकी तोडला की प्रथम हा साठा आटतो. पहिल्या आठवड्यातील दीड-दोन किलोग्रॅमची घट प्रामुख्याने पाण्याची असते, चरबीची नव्हे.

यापुढे शरीर काटकसर करू लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४५ साली ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांचा अभ्यास केला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण विश्रांत अवस्थेतील ऊर्जाव्ययही सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. अन्न पुन्हा मिळू लागताच अनेकांची भूक आवरेना, आणि त्यांच्या अंगी पूर्वीपेक्षाही अधिक मेद चढला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, दूरचित्रवाणीवरील वजनघटीच्या स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. त्यांचा विश्रांत ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच होता आणि बहुतेकांचे वजन पुन्हा वाढले होते. ज्यांनी ते बऱ्याच अंशी टिकविले, त्यांची शारीरिक हालचाल इतरांपेक्षा पुष्कळ वाढलेली होती. वजन उतरविण्यात आहाराचा वाटा मोठा, तर ते टिकविण्यात हालचालीचा, हे येथे स्पष्ट होते.

नैसर्गिक आहार म्हणजे काय?

धान्य, डाळी, भाज्या, फळे, दूध, मासे असे पदार्थ मूळ रूपाच्या शक्य तितके जवळ ठेवून खाणे, एवढाच येथे नैसर्गिक आहाराचा अर्थ घ्यावा. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० व्यक्तींना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रियित पदार्थ आणि दोन आठवडे साधे पदार्थ दिले. वाढलेल्या ताटांत उष्मांक, साखर, मेद व तंतू सारखेच होते, आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. तरीही अतिप्रक्रियित आहारावर असताना त्या व्यक्तींनी दररोज सुमारे ५०० उष्मांक अधिक घेतले आणि त्यांचे वजन जवळजवळ एक किलोग्रॅमने वाढले. साध्या आहारावर तितकेच घटले. अतिप्रक्रियित अन्न त्यांनी अधिक भराभर खाल्ले, हेही दिसून आले.

केनियातील नामांकित धावपटूंचे जेवण असेच साधे असते: मक्याच्या पिठाचा उगाली, पालेभाजी, घेवड्यासारखी कडधान्ये आणि दूध. त्यांच्या आहारातील ७० टक्क्यांहून अधिक ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. कर्नाटकातील नाचणीचा मुद्दा, राजस्थान-महाराष्ट्रातील बाजरीची भाकरी आणि बिहारचे सातू हे त्याच जातीचे अन्न होय. मात्र धावपटूच्या ताटातील प्रमाण बैठे काम करणाऱ्यास मानवणारे नाही. तो जे पिष्ट रोज जाळतो, ते या दुसऱ्याच्या अंगी साठते. अशा व्यक्तीने भात-पोळीचा काही भाग कमी करून त्या जागी डाळी, उसळी व भाज्या वाढवाव्यात.

क्रम आणि मर्यादा

प्रारंभ चालण्याने करावा. काही आठवड्यांनी चालण्याच्या मधे एक-दोन मिनिटांची सावकाश धाव घालावी व ती हळूहळू वाढवावी. हृदय आणि फुप्फुसे लवकर सरावतात. हाडे व स्नायुबंध यांना अधिक काळ लागतो, आणि घाई केल्यास त्यांनाच इजा होते. धावताना सोबत्याशी बोलता यावे, इतकाच वेग असावा. अशा वेगात इंधन म्हणून मेदाचा वाटा मोठा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावण्याइतकी उमेदही उरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायामाची शिफारस केली आहे. हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी प्रथम वैद्याचा सल्ला घ्यावा. धावताना रक्तातील साखर एकदम खाली जाण्याचा संभव असतो.

आठवड्याला अर्धा किलोग्रॅम घट पुरेशी समजावी. पुढे वजन काही काळ स्थिर राहील. तेवढ्यावरून प्रयत्न सोडू नये. महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजून नोंद ठेवावी. जो आहार आणि जी धाव दहा वर्षांनंतरही चालू ठेवता येईल, तिचीच निवड पहिल्या दिवशी करावी.